कमाल उष्णता १४०

४ ऑक्टोबर १९९३, अंबरनाथ
या हातांनी आजवर केलेलं: दोन रेडिओ, बेलवलीच्या आमच्या घरातला इन्व्हर्टर, बायकोच्या, वृंदाच्या शिवणयंत्राला बसवलेली मोटर, आणि कॉलेजचं तोंड न बघता शिकलेलं संगणकाचं युनिक्स. आज रंगाच्या कारखान्यात रुजू झालो. मॅनेजर शशिकांतसाहेबांनी स्वतः चहा पाजला. काम माझ्या आवडीचं: रिअ‍ॅक्टर, म्हणजे रंग शिजवायची बंद टाकी, तापवणारा प्रोग्राम त्या त्या दिवसाच्या रंगाप्रमाणे सकाळी सहाला आपोआप बांधून यंत्रात चढवायचा. रिअ‍ॅक्टरवरचा सखा संगणकाच्या खोलीच्या दारातून डोकावला नि म्हणाला, साहेब, या डब्याला एसी अन् आमाला नुसता घाम व्हय? मनसोक्त हसलो.

९ ऑक्टोबर
स्क्रिप्ट, म्हणजे सहाला ओळीनं चालायच्या आज्ञांची यादी, तयार. संगणकात चालणारी एक प्रक्रिया तिच्याखालची दुसरी सुरू करते तेव्हा जाहीर केलेल्या किमतींची, म्हणजे नाव दिलेल्या आकड्यांची, नक्कल तिच्या हाती देते. खालचीनं त्यात काही बदललं तरी वरचीला कधीच कळत नाही. हे मी कुणालाही न विचारता ताडलं. कमाल उष्णता १४० अंश. ती किंमत पोचली नाही तर प्रोग्राम चाचणीपुरती ठेवलेली १९० धरतो. माझ्या टर्मिनलवर, म्हणजे टेबलावरच्या पडदा-कीबोर्डवर, पाच वेळा चालवली. पाचही वेळा १४०. सोमवारपासून सहाला आपोआप.

१२ ऑक्टोबर
काल सकाळी रिअ‍ॅक्टर फुटला. सखा गेला.

१३ ऑक्टोबर
कारण सापडलं. १४० मी माझ्या टर्मिनलवर हातानं जाहीर केली होती. स्क्रिप्टमध्ये ती ओळच नाही. सहाला आपोआप उठलेल्या प्रक्रियेला माझं टर्मिनल काय माहीत? तिनं १९० धरली.
ओळ गुपचूप घातली. अहवालात लिहिलं, सखाचं तापमानाच्या काट्याकडे लक्ष नव्हतं. सुवाच्य अक्षरात लिहिलं.

१६ ऑक्टोबर
सखाची बायको सरू बारवी धरणाकडच्या पाड्यावरून चालत गेटवर आली. म्हणाली, माजा माणूस झोपणारा नव्हता, कुनी लिवलं त्याला भायेर काढा. मी खिडकी लावून घेतली.
स्क्रिप्ट पुन्हा तपासली. खालच्या प्रक्रियेच्या किमतींच्या यादीत एक नाव जास्त आहे. सखा. किंमत १४१. मी घातलेलं नाही.

१८ ऑक्टोबर
१५८. पुसलं. परत आलं. आता वरच्या प्रक्रियेतही आहे. खालून वर — असं होत नाही. होऊच शकत नाही.

२० ऑक्टोबर
१७६. थेट माझ्या टर्मिनलमध्ये. मशीन बंद केलं, वायर उपसली — कीबोर्ड तरी तापलेला. बोटांना फोड. वृंदा विचारते, तुमच्या हातांना हा जळका वास कसला? काय सांगू —

२१ ऑक्टोबर
१८८. चूक माझी, एवढंच लिहायचंय. पण मग साहेबांसमोर मान वर कशी — सरू आजही गेटवर. लिहिलं नाही.

२२ ऑक्टोबर
१८९. कागद हाताखाली तपकिरी होतोय. लिहितो — सखाचा दोष नव्हता. ओळ माझी राहिली. खोटा अहवाल माझा. कात्रपचे कमळाकर, संगणकातले जुने जाणते, म्हणाले होते, चालू करायच्या आधी एक तास बसून स्क्रिप्ट तपासून देतो, दोनशे रुपये द्या. मला शिकवणार का, म्हटलं. चारचौघांत हसलो त्यांना. नको म्हटलं. दोनशे रुपये, फक्त दोन—