दोन डोळ्यांचे दोन नकाशे

प्रिय स्मरांदा,

ईस्टरच्या दुपारी तू कॉफीही न घेता बस पकडलीस, तेव्हा मी मनात म्हटलं, जाऊ दे. आईच्या दफनाला आली नाहीस म्हणून सहा वर्षं मी तुझ्याशी बोललो नव्हतो. आता तोरिनोहून इतक्या लांब येऊनही तू ईस्टरच्या रिवाजाप्रमाणे भावाच्या अंड्यावर आपलं लाल अंडं आपटलं नाहीस, याचा मला फार राग आला.

पुढे वर्तमानपत्रातल्या ओळींची सुरुवातच हरवायला लागली. डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा. चाळीस वर्षं लोकांचे डोळे तपासलेला मी खुशाल म्हणालो, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय! शेवटी तुझ्या वहिनीने मला धरून डॉक्टर झांफिराकडे नेलं. माझीच विद्यार्थिनी. म्हणाली, “सर, एकेक डोळा झाकून पाहिलंत?” मी चष्मा पुसायला लागलो. “आम्ही हे विसरलो की वर्गाबाहेर काढायचात!”

तिने एकेका डोळ्याला दिव्याचे ठिपके दाखवले आणि कुठले दिसले, कुठले नाहीत याचे दोन नकाशे माझ्यापुढे ठेवले. दोन्हींत डावी अर्धी बाजू काळी, अगदी सारखी. एकाच डोळ्याचं गेलं असतं, तर दोष त्या डोळ्यात किंवा त्याच्या नसेत असता. दोन्हींच्या कानाकडच्या बाजू गेल्या असत्या, तर दोन नसा एकमेकींना भेटतात तिथे. माझा दोष पार मागे, मेंदूच्या उजव्या बाजूला. ईस्टरच्या आधीच्या रविवारी माझं डोकं फार दुखलं होतं, तोच मेंदूचा झटका असावा. गेलेलं परत येईलच असं नाही. गंमत म्हणजे तिथे अंधारही दिसत नाही गं. काही राहून गेलंय हेच कळत नाही.

काल हे सारं वहिनीला समजावलं, तर ती डोळ्याला रुमाल लावून रडायलाच लागली. “अहो, ती तुमच्या डाव्या हाताला अंडं धरून किती वेळ उभी होती! तुम्ही तोंड फिरवलंत!” घरभर गलका होता, तुझा आवाज त्यात बुडाला. तू ते अंडं टेबलावर ठेवून गेलीस, ते तिने देवाच्या तसबिरीपाशी जपलंय. ज्यांची अंडी एकमेकांवर आपटली ते वरती पुन्हा भेटतात, असं आई म्हणायची. स्वर्गारोहणाच्या सणाला अजून अकरा दिवस आहेत, तोवर अंडी आपटलेली चालतात. ये. त्या दुपारचा दोष डोक्याचा होता, आधीच्या सहा वर्षांचा माझा. या वेळी माझ्या उजवीकडे बस.

तुझाच,
ऑक्टाव