भट्टी कोणाच्या यादीत

३ ऑक्टोबर
रोझारियो आला. बोटीवरच्या नोकरीवरून नाही — लिस्बनहून, त्याच्या त्या बाईकडून. अंगणातूनच म्हणाला, "कोर्ट नको, एर्मेलिंद. तिथे दोघांची हाडं जातील." चार वर्षांत पहिल्यांदा खरं बोलला. चहा मी विचारला नाही. मांयने विचारला. सासू माझी, पण आई त्याची ना!

४ ऑक्टोबर
लग्न लागलं त्या दिवसापासून सगळं निम्मं-निम्मं — गोव्याचा कायदाच तसा. पपांनी मला दिलेलं घर, पावाची भट्टी, निम्मं त्याचं. त्याने गाडीसाठी काढलेलं कर्ज निम्मं माझं. त्या गाडीत मी दोनदा बसले असेन.

९ ऑक्टोबर
बोस्त्यांव मास्तरांच्या व्हरांड्यात बसलो. लग्नात आमच्या शेजारी साक्षीला हेच उभे होते, मोडतानाही यांनाच बसवलं. त्यांचा नियम सोपा: एकाने सगळ्याच्या दोन याद्या करायच्या, दुसऱ्याने त्यातली एक आधी उचलायची. म्हणजे करणारा लबाडी करत नाही. मी करते म्हटलं. रोझारियो हसला. कर म्हणाला, तुला हौसच आहे.

मला काय हवंय ते सगळ्या वाड्याला ठाऊक आहे. भट्टी. बाकी घाल खड्ड्यात. तिच्या विटांवर हात ठेवला की मला कळतं, आज पाव किती फुगणार. ते पपांना कळायचं, नंतर फक्त मला.

१२ ऑक्टोबर
याद्या झाल्या. हुशारी केली! पहिलीत मडगावचा फ्लॅट, दागिने, बँकेतलं — आणि कर्ज शून्य. दुसरीत घर, भट्टी, आणि झाडून सगळी कर्जं: पीठ मळायच्या यंत्राचं, गाडीचं, त्याच्या भावाला जामीन राहिलो ते. कर्ज म्हटलं की रोझारियो दहा पावलं मागे सरतो. फ्लॅटवर झडप घालणार बघ. मास्तरांनी भुवया उंचावल्या, पण तोलात दोन्ही याद्या सारख्याच होत्या.

दुपारी मांयला दोन्ही वाचून दाखवल्या. हिच्यापासून काय लपवायचं? चौदा वर्षं एका चुलीवरचं जेवतोय. माझी आई गेली तेव्हा आठवडाभर माझे केस हिनेच विंचरले. ऑगस्टमध्ये दिल्लीचा एक माणूस घर आणि भट्टी विकत मागायला आला होता, वेड्यासारखा भाव बोलला, मी हाकलून दिला — तेही फक्त हिला माहीत. ऐकत होती, कालवणाची सुंगटं सोलत होती.

२० ऑक्टोबर
त्याने दुसरी उचलली.

२१ ऑक्टोबर
याद्या त्याने वाचल्यासुद्धा नाहीत. दुसरी, म्हणाला. मी म्हटलं, सगळी कर्जं आहेत त्यात. तर म्हणतो, "फिटतील की. दिल्लीवाला घेतोय ना."

दिल्लीवाला! मास्तर चष्मा पुसत बसले. नियम त्यांचा, याद्या माझ्या — भांडू कुणाशी?

घरी आले तर मांय भात वाढत होती. तू सांगितलंस का त्याला? हो म्हणाली. का? माझ्या ताटात कढी वाढली. मी ताट तसंच ठेवून उठले.

नवरा दुसरीकडे गेला तेव्हा मी एक टिपूस गाळलं नव्हतं. काल रडले. भट्टीसाठी कमी, हिच्यासाठी जास्त. त्याच्याकडून मला काही अपेक्षाच नव्हती. हिच्याकडून होती.

६ नोव्हेंबर
सह्या झाल्या.

१५ नोव्हेंबर
फ्लॅटवर आले. तिसरा मजला. खालच्या दुकानातून पाव आणला — प्लॅस्टिकच्या पिशवीतला, कापसासारखा. चावला आणि थुंकला.

मांय तिथेच राहिली, लेकाजवळ. राहू दे! निघताना मी तिच्याकडे आशीर्वाद मागितला नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच. दारात हात जोडून उभी होती, मी रिक्षात सरळ समोर बघत बसले.

८ डिसेंबर
सकाळी बेल वाजली. मांय. हातात ट्रंक, तीन जिने चढून, एकटी. काल घराचा ताबा दिल्लीवाल्याला दिला, रोझारियो रातोरात विमानात बसला. मी दार धरून उभी राहिले. म्हटलं, आता तरी सांग, का सांगितलंस त्याला?

"दोन्ही याद्या ऐकल्या, बाय," ती म्हणाली. "मी कुठल्यात होते?"