तिसरा खंड आणि डब्याचे झाकण

रविवार, ९ मार्च

स्वस्ति श्री! फुलचूरनिवासी, संस्कृताध्यापनधुरंधर, नववी-ब-संत्रस्त, जीर्णस्कूटरारूढ, कूलरजलपूरक, पुष्पाबाई-आज्ञाधारक, अखिल गोंदिया जनपद रहस्यकथा रसिक मंडळाचे (सभासद तीन) आजन्म चिटणीस श्रीमान इंद्रकुमार बिसेन आजपासून पुनश्च रोजनिशीलेखनास प्रारंभ करीत आहेत. सर्व दिशांनी मौन धारण करावे.

शेजारच्या राईस मिलने केले नाही.

प्रयोजन मात्र हसण्यासारखे नाही. मंडळाचे अध्यक्ष, नागऱ्याचे जीवनलाल पटले गुरुजी, यांच्या हृदयाची एक झडप निकामी झाली आहे. सव्वीस तारखेला नागपुरात शस्त्रक्रिया. डॉक्टरांनी सुनेला, रुचिला, बाजूला नेऊन सांगितले म्हणे — टाळता येत नाही, आणि या वयात भरवसाही देता येत नाही.

आज भेटीस गेलो. पुष्पाने लाह्यांचा चिवडा स्टीलच्या डब्यातून दिला होता. गुरुजींनी त्याकडे पाहिलेही नाही. मला जवळ बसवले आणि म्हणाले,

“इंदर, मरन आलं तं येऊ दे. पन त्या कादंबरीवाल्याले कोनं मारलं, हे मालूम न होता मले त्या टेबलावर झोपवू नका.”

हसू आले. मग आले नाही.

सोमवार, १० मार्च

भावी इतिहाससंशोधकांची गैरसोय नको म्हणून पूर्ववृत्तान्त.

मंडळात गुरुजी, मी आणि सालेकशाचे पतिराम उईके. पतिरामभाऊंनी आयुष्यभर तेंदूपत्त्याच्या फडावर मुन्शीगिरी केली, म्हणजे मजुरांनी आणलेली पानांची पुडकी मोजून घेतली. आणि उरलेल्या वेळात रहस्यकथांचा फडशा पाडला. पुस्तक एक, वाचक तीन, धीर कोणालाच नाही! तेव्हा आम्ही प्रत्येक कादंबरी बाइंडरकडून तीन खंडांत कापून घेत असू. प्रत्येक खंडाला खाकी कव्हर. पहिल्याने पहिला खंड संपवला की तो दुसऱ्याकडे जाई, आणि पहिला दुसऱ्या खंडाकडे. ग्रंथप्रेमी कानांवर हात ठेवतील. ठेवोत! मंडळाचा नियम एकच — जो पुढे गेला आहे त्याने मागच्यासमोर मुद्रा पाषाणवत् ठेवावी.

शेवटची कादंबरी नागपुरी रद्दीतली. मुखपृष्ठ नाही, पहिले पान नाही, लेखक अज्ञात. एक थोर कादंबरीकार आपल्या मेजावर मृत सापडतो. त्याच्या नव्या कादंबरीचे शेवटचे प्रकरण गायब. संशयित — प्रकाशक, मुद्रितशोधक आणि विधवा बहीण.

त्या वेळी तिसरा खंड पतिरामभाऊंकडे, दुसरा गुरुजींकडे, पहिला माझ्याकडे. रविवारच्या बैठकीत गुरुजींनी मिशीवर हात फिरवून निर्णय दिला की खुनी प्रकाशक. पतिरामभाऊ हसले. बोलले काही नाही, नुसते हसले. पण खुनी प्रकाशक नव्हे, एवढे त्या हसण्याने सांगून टाकले! गुरुजी भडकले आणि माझ्यादेखत म्हणाले, “पुडके मोजनाऱ्याले कादंबरी काय समजते!”

पतिरामभाऊ उठले. तिसरा खंड थैलीत घातला. गेले.

त्याला दोन वर्षे झाली. पुढे गुरुजींनी दुसरा खंड मला दिला. त्याच्या शेवटच्या ओळीत निरीक्षक म्हणतो, “खुनी याच खोलीत आहे.” तो बिचारा दोन वर्षे त्याच खोलीत आहे. मीही.

बुधवार, १२ मार्च

रुचिने डबा परत पाठवला. झाकणाविना. पुष्पा म्हणाली, “माहेरचा डबा होय तो.” स्वर निरीक्षकाचा.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. नववी-ब ने गुरुऋण फेडले. डावा कान अद्याप हिरवा.

रविवार, १६ मार्च

सकाळच्या गाडीने सालेकसा. दौत्यकर्म!

पतिरामभाऊ अंगणात मोहफुले वाळत घालत होते. हिरवा कान पाहूनही हसले नाहीत, तेव्हाच प्रकरणाचे गांभीर्य उमगले. मी शस्त्रक्रियेचे सांगितले, झडपेचे सांगितले, खंडाचे सांगितले. ते फुले पसरीत राहिले.

“त्याहिनं पाठवलं, का आपल्या मनानं आले, सरजी?”

दोन्ही, म्हणालो.

“त्याहिले खुनी पाहिजे. मी नाई पाहिजे.”

मीही चार फुले उचलून पसरू लागलो.

त्यांच्या पत्नी मंगलीबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी आपण होऊन सांगितले की ते पुस्तक दरसाल दिवाळीला उन्हात ठेवले जाते, झटकले जाते, कडुनिंबाचा पाला घालून परत गुंडाळले जाते. नातवंडांनी हात लावला तर ओरडा बसतो. पतिरामभाऊंनी त्यांना मोहाच्या दुसऱ्या टोपलीकडे पिटाळले.

खंड समोरच फळीवर होता. खाकी कव्हर मी ओळखले. हात लांबवला असता तर पोहोचला असता! दोन वर्षांची तृषा आणि हातभर अंतरावर जलाशय! परंतु चिटणीसानेच नियम मोडला तर मंडळात उरले काय? — तसेही काय उरले आहे?

निघताना त्यांनी फक्त विचारले, “कव्हा हाय ते आपरेशन?” सव्वीसला म्हणालो. मान हलवली. खंड दिला नाही.

परतीच्या गाडीत एका बाईच्या टोपलीतील कोंबडीने माझ्या धोतर— नव्हे, पाटलोणीवर मत प्रदर्शित केले. (धोतर शोभले असते, पण सत्य ते सत्य.)

मंगळवार, १८ मार्च

नागऱ्यास गेलो. गुरुजी अंगणात खाटेवर. चार पावले चालले तरी धाप. रुचि सांगत होती, जेवण दोन घासांचे झाले आहे आणि रागावणे बंद झाले आहे. दुसरे लक्षण मला अधिक भयावह वाटले.

सालेकशाचा वृत्तान्त निवेदन केला. “मी नाई पाहिजे” हे वाक्य गाळणार होतो, गाळले नाही.

मी सुचवले की दोन शब्द क्षमेचे द्यावेत, मी अनुष्टुभात बसवून पोहोचवीन. म्हणाले, “चुकलो म्हननं या उमरीत जमत नाई बाप्पा. जीभच वळत नाई. त्याले एवढंच म्हन — मले आता बारीक अक्षर दिसत नाई. पुस्तक धाडू नको म्हनाव. येऊन वाचून दाखव.”

मी वाचून दाखवीन की, म्हणालो. आकाशवाणीवर दोनदा बोललेला कंठ आहे हा!

“तू वाचलं तं खूनबी सत्यनारायनाच्या पोथीसारखा वाटते.”

रुचि तोंडाला पदर लावून आत पळाली. अपमान झाला. पण ते रागावले — म्हणजे निदान थोडे तरी बरे!

झाकणाचे विचारायचे राहिले.

बुधवार, १९ मार्च

पतिरामभाऊंना दूरध्वनी. गुरुजींचा निरोप अलंकार न चढवता, शब्दशः दिला — माझ्या आयुष्यातील पहिलाच प्रसंग. त्यांनी ऐकून घेतला. मग फोन बंद.

शुक्रवार, २१ मार्च

काही नाही. झाकणही नाही.

रविवार, २३ मार्च

आले!

दुपारी गुरुजींच्या पडवीत बसलो होतो तो फाटक वाजले. पतिरामभाऊ. एका हातात मोहफुलांची पिशवी, काखेत खाकी खंड. गुरुजींकडे न पाहता पिशवी रुचिच्या हाती दिली. गुरुजींनी त्यांच्याकडे न पाहता मला दटावले, “खुर्ची दे त्याले. काऊन पाहून राहिला?” मी सत्वर आसन अर्पण केले. कुशल नाही, क्षेम नाही. पतिरामभाऊंनी चष्मा लावला आणि वाचू लागले.

वाचन फडावरच्या मोजणीसारखे — एकेक शब्द उचलायचा, पाहायचा, ठेवायचा. पण काय सांगू, खून त्यातच शोभतो! निरीक्षक अखेर त्या खोलीत हलला. प्रकाशक घामाघूम. मुद्रितशोधकाच्या बोटांना शाई. गुरुजी डोळे मिटून पडले होते. ओठ मात्र हलत होते. जपच जणू.

मध्ये एके ठिकाणी गुरुजींनी हात वर केला. “पान राहिलं मधलं.” पतिरामभाऊंनी पाहिले — खरेच, दोन पाने चिकटून उलटली गेली होती! एका वाक्याच्या सांध्यावरून लुप्त पृष्ठ ओळखणारी ही तर्कशक्ती! ही त्रेता-द्वापरात गेली असे मी समजत होतो. तसे म्हणालोही. गुरुजी म्हणाले, “गप बस.”

शेवटचे प्रकरण आले. पतिरामभाऊंनी खंड मांडीवर पालथा घातला. दोन वर्षांत प्रथमच गुरुजींकडे सरळ पाहिले.

“सांगा गुरुजी. कोन?”

“प्रकाशक.” आवाज क्षीण, पण निश्चय तोच.

पतिरामभाऊंचा ओठ थरथरला. त्यांनी तोंड फिरवले. दाबू लागले. मान लाल झाली, खांदे हलू लागले.

गुरुजी कोपरावर रेलून अर्धे उठले. “दाबू नको. हास ना गड्या. त्या दिवशी मी हासू नाई देल्लं तुले.”

आणि ते हसले. असे हसले की चष्मा काढावा लागला. पुसत बसले, पुष्कळ वेळ. मी छताकडे पाहिले. पडवीचे छत प्रेक्षणीय आहे.

खुनी बहीण! त्या थोर कादंबरीकाराच्या सगळ्या कादंबऱ्या वर्षानुवर्षे तीच लिहीत होती, नाव त्याचे. शेवटचे प्रकरण त्याने प्रथमच स्वतः लिहिले, तिने ते वाचले — आणि इतके वाईट निघाले की तिला सहन झाले नाही. प्रकरण चुलीत, भाऊ मेजावर. साहित्यसमीक्षेचे इतके निःसंदिग्ध उदाहरण मी पाहिले नाही.

गुरुजींनी कपाळाला हात लावला. “अरे बाप रे! बहीन! मनातबी आलं नाई!” पतिरामभाऊंचा चेहरा असा उजळला, जणू बहीण त्यांनी स्वतः पकडली.

मग रात्रीच्या गाडीपर्यंत दोघे त्या बहिणीला किती शिक्षा व्हावी यावर भांडत होते. गुरुजींनी पोळी भाजीसकट संपवली.

बुधवार, २६ मार्च

नागपूर. पतिरामभाऊ सालेकशाहून पहाटेच येऊन आमच्याच गाडीत बसले. कोणी बोलावले नव्हते, कोणी विचारलेही नाही. आत नेताना गुरुजींनी त्यांचे मनगट धरले आणि म्हणाले, “नवीन कादंबरी कापून ठेव. या खेपेले पहिला नंबर माझा.” दार बंद झाले.

पतिरामभाऊ बाकावर बसून राहिले. चहा दिला, निवला. मला सगळी स्तोत्रे आठवत होती. एकही म्हणवेना.

सायंकाळी डॉक्टर बाहेर आले. झडप बसली. पुढची रात्र महत्त्वाची.

गुरुवार, २७ मार्च

शुद्धीवर आले! नळ्या काढल्यावर पहिले वाक्य परिचारिकेला उद्देशून — तिच्या खिशातील पुस्तक कुठले? प्रार्थनापुस्तिका निघाली. निराश झाले.

शनिवार, २९ मार्च

पतिरामभाऊ रात्री तिथेच राहतात. गुरुजींना जोरात हसायला बंदी आहे, छातीचे टाके. म्हणून पतिरामभाऊंनी मुद्रा पाषाणवत् ठेवली आहे. नियमाचे इतके कडक पालन मंडळाच्या इतिहासात प्रथमच.

रविवार, ३० मार्च

रुचि गुरुजींचे कपडे न्यायला नागऱ्यास आली होती. मीही गेलो — झाकणासाठी. तिने माळ्यावरची लोखंडी पेटी उतरवून मागितली. उतरवली. धोतरांच्या खाली एक पालथे पुस्तक; मधूनच उघडले तो तीच कादंबरी. अखंड, न कापलेली, मुखपृष्ठासह!

रुचि म्हणाली, “हे तं भांडणाच्या पुढच्याच महिन्यात बाबांनी नागपुरात गोष्ट सांगून सांगून दुकानं पालथी घालून आणलं. तीनदा वाचलं. बहिणीनं मारलं म्हणून मलेबी सांगून टाकलं, मग मी वाचलंच नाही.”

खाली बसलो. मग तिला बजावले, सालेकशास कधीही कळता कामा नये. पुस्तक होते तसे धोतरांखाली ठेवले. लेखकाचे नाव मुखपृष्ठावर होते, पाहिले नाही. तिघांनी मिळून पाहू.

पेटीत अंगरखे होते, टोप्या होत्या, दोन वर्षांचे गुपित होते. आमच्या डब्याचे झाकण नव्हते. पुष्पाला आता काय सांगू?