गुरुजींच्या पानातली खीर

॥ श्री ॥
सेनगाव, १४ जुलै २०२४

ती. अनुसूयाताईस,
धाकट्या मार्तंडचा सा. न. वि. वि.

तुझ्या पिंटूच्या मोबाइलवर तुला दोनदा फोन लावला. तू नुसतंच कोण बोलतंय, कोण बोलतंय करत राहिलीस आणि मी इकडे ओरडून ओरडून देवळाबाहेरची माणसं गोळा केली. तेव्हा कागदच बरा. कागदाला कानाची तकलीफ नाही.

बातमी अशी, की हिंगोलीच्या डॉक्टरांनी मला कामातून काढल्यासारखं केलंय. मान काळी पडली होती, जेवलं की डोळे मिटायचे, म्हणून तुझ्या भावजयीनं, रेवतीनं, ओढून नेलं. रक्त तपासलं. उपाशीपोटीची साखर एकशे आठ. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण त्याच रस्त्यावर आहात. इन्सुलिन अंगात भरपूर तयार होतं, पण शरीर त्याचं ऐकेना झालंय. इन्सुलिन ओरडून राहिलंय आणि शरीर बहिरं. तुझी थट्टा नाही हं ताई, डॉक्टरांचेच शब्द.

मी म्हटलं गोळी द्या. तर म्हणे गोळी नंतर पाहू, आधी जेवण बदला. साखर बंद, गूळही बंद, भात चार घास, मैदा नाही. आधी भाजी-वरण खायचं, मग अर्धी-एक भाकरी, आणि जेवणावर फेरी मारायची. मी सांगितलं, मी तर आठवड्यातून तीन उपास करतो. काय खाता म्हणाले. साबुदाणा, बटाटा, केळं सांगितल्यावर ते असे हसले, की मला उठून यावंसं वाटलं.

आता तूच सांग, मी भिक्षुकी करणारा, माझं पोटच मुळी लोकांच्या पंगतीवर. सत्यनारायणाचा शिरा नाही म्हणायचा? पुरणाला हात आडवा करायचा? शिक्षकानं खडू धरू नये म्हटल्यासारखं झालं हे. आता श्रावण तोंडावर आलाय.

पिंटूला आशीर्वाद. तुझ्या गुडघ्यांचं कळव. लोभ आहेच, तो पथ्यात बसतो असं समजून पाठवत राहा.

तुझा,
मार्तंड


॥ श्री ॥
वसमत, २२ जुलै २०२४

चि. मार्तंडास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. बहिऱ्या शरीराचं वाचून हसले. मी बहिरी असले तरी कुणी जवळ बसून, तोंड समोर करून सावकाश बोललं तर मला बराबर कळतं. शरीराशीही तसंच बोलून बघ. ओरडून काही होत नाही.

हसणं पुरे. आपल्या अण्णांना साखरेपायी पायाला फोड आला तेव्हा तू काशीला शिकत होतास. नांदेडच्या दवाखान्यात वडिलांची पट्टी मी बदलायची. आधी अंगठा गेला, मग पाऊल गेलं. त्या खोलीतला वास अजून नाकात आहे. त्यांना कुणी वेळेवर सांगितलं नाही, अजून वेळ आहे असं. तुला सांगितलंय, आणि तू डॉक्टर हसले म्हणून रुसून बसलास.

यजमानांना जायच्या आधीच सांगत जा, की मला गोड वाढू नका. ज्याला तुझी किंमत आहे तो ऐकेल. उपासाला ताक घे, शेंगदाणे खा, साबुदाण्याचं नाव काढू नको. रेवतीला म्हणावं, घरातला साखरेचा डबा लहान कर.

वाटल्यास पोटभर रागव माझ्यावर. पोट तेवढंच भरू दे.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
सेनगाव, २५ ऑगस्ट २०२४

ती. वन्संच्या सेवेशी,
रेवतीचा शि. सा. न.

ह्यांना न सांगता लिहून राहिले. मन भरून आलं, आणि फोनवर तुम्हाला काही सांगावं तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल.

वन्सं, मी थकले. पहाटे उठून ज्वारीची भाकरी, मेथी नाहीतर शेपू, मुगाचं घट्ट वरण करते. हे अगदी शहाण्यासारखे जेवतात, अंगणात फेऱ्याही घालतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, मी किनई पथ्यावर आहे. आणि मग पूजेला गेले की तिकडे शिरा, बासुंदी, वर चार कप गोड चहा. म्हणजे माझी भाकरी जेवण राहतेच कुठे, ती तोंडीलावणं झाली. धोतराच्या सोग्यात बांधून आणलेले पेढे मला धुण्यात सापडतात. विचारलं तर म्हणतात, प्रसाद आहे, प्रसादाला साखर म्हणू नये.

मी साखरेच्या डब्याला कुलूप लावलं. त्यावरून चार दिवस बोलले नाहीत. शेजारच्या सखुबाई मला तोंडावर म्हणाल्या, की गुरुजींचा चेहरा उतरला, तू त्यांना उपाशी ठेवतेस काय. काहून ठेवीन हो मी? भूक लागली की हे चिडतात, चिडले की माझ्यावर, आणि गोड खाऊन आले की गप्प झोपतात. मला आता त्यांच्या गप्प बसण्याचीच भीती वाटते.

परवा तर मलाच वाटलं, जाऊ दे, खाऊ दे. पण मग हेच म्हणाले, अण्णांसारखं झालं तर होऊ दे. ते ऐकून मी ताट तसंच ठेवून उठले.

तुमचं ते ऐकतात. माझं नाव न घेता चार शब्द लिहा. तुमच्या मायेची मला फार गरज आहे, हात आखडू नका.

तुमची,
रेवती


॥ श्री ॥
सेनगाव, १२ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
मार्तंडचा नमस्कार.

तुझं मधलं चार ओळींचं पत्र मिळालं. त्यात सोग्यातल्या पेढ्यांचा उल्लेख आहे. वसमतला बसून तुला माझा सोगा दिसतो, म्हणजे चुगली कुणी केली हे मला कळायला पंचांग लागत नाही. घरातही माझ्यावर पहारा आणि टपालातही.

बरं, आता माझंही ऐक. मी प्रयत्न केलाच नाही असं तुम्ही दोघींनी धरून ठेवलंय. श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी इथल्या एका वकिलांकडे जिवतीची पूजा होती. तू म्हणालीस तसं मी आधीच निरोप धाडला, की पुरणपोळी नको. पानावर बसलो तर पोळी वाढलेलीच. मी हात जोडून नको म्हटलं. वकिलीणबाई म्हणाल्या, सकाळी उठून सोवळ्यात पुरण वाटलंय, आमचं अन्न गुरुजींना चालत नसेल तर तसं सांगावं. चालतं, पण तब्येत, असं मी म्हणतोय तर त्यांचे सासरे म्हणाले, पुरण न खाणारा भटजी आम्ही पहिल्यांदाच पाहिला. पंगत हसली, ताई. मी पोळी खाल्ली. एक नाही, तीन खाल्ल्या, रागानं. आणि गणपतीला त्यांनी हिंगोलीहून दुसरे गुरुजी आणले ते आणलेच.

काल पुन्हा रक्त दिलं. साखर एकशे अठरा. डॉक्टर या वेळी हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, तुमच्या घरी कुणाला होता का. मी अण्णांचं सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून खाली दोनदा रेघ ओढली.

चहा सोडला तर डोकं दुखतं. भात सोडला तर हात कापतात. लोकांकडे खाल्लं तर बायको रडते, नाही खाल्लं तर लोक हसतात. आता पितृपक्ष आला. पंधरा दिवस रोज कुणाच्या ना कुणाच्या वाडवडिलांच्या नावानं खीर आणि वडे. श्राद्धाच्या पानावर बसलेला ब्राह्मण नको कसं म्हणणार? तिथं मी मार्तंड नसतोच. तिथं मी त्यांचा गेलेला बाप असतो. बापाला नको म्हणता येतं का?

मला आता सल्ला नको. वैताग आलाय. लोभ ठेवायचा तर ठेव, तपासणी करू नको.

मार्तंड


॥ श्री ॥
वसमत, १८ सप्टेंबर २०२४

चि. मार्तंडास आशीर्वाद.

सल्ला देत नाही. बापाला नको म्हणता येतं का, हा तुझा प्रश्न मात्र मी तीनदा वाचला. तू विद्येचा माणूस, उत्तर तुझं तू शोध.

पुरणाला हसले त्यांचा मलाही राग आला. पिंटूला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, मामाला म्हणावं, त्या वकिलाला कोर्टात खेच. पण रेवतीला चुगलखोर म्हणू नकोस. ती तुझ्यावर पहारा करत नाही, वाट बघते. मी अण्णांच्या उशाशी बसून असंच कितीदा वाट पाहिली, की आज तरी ते स्वतः म्हणतील, नको हा लाडू. नाही म्हणाले.

माझे कान गेले, पाय चालत नाहीत, नाहीतर आलेच असते आणि तुझ्या पानाशेजारी बसले असते. हे इथून नुसतं लिहीत बसायचं, याचाच मला आता कंटाळा आलाय.

माया कमी होत नाही, काळजी मात्र उतू चालली आहे. दोन्ही तुझ्याच नावावर.

ताई


॥ श्री ॥
सेनगाव, ३ ऑक्टोबर २०२४, घटस्थापना

ती. ताईस,
मार्तंडचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात उर्मटपणा झाला. ते फाडून टाक.

पितृपक्ष काल संपला. पहिल्या पाच-सहा घरी मी सगळं खाल्लं. दोन घरी खीर अर्धी टाकली, तर त्यांनी वाकड्या नजरेनं पाहिलं. एका घरी जेवणाऐवजी शिधा द्या म्हणालो. त्यांनी दिला. त्यात तांदूळ, गूळ आणि साखरच होती. रेवतीनं पिशवी उघडली आणि हसावं की रडावं तिला कळेना.

तुला सांगायचंय ते सवनेकरांचं. इथल्या शाळेत कारकून होते ते बापू सवनेकर, गेल्या वर्षी गेले. मधुमेहानंच. त्यांच्या मुलानं, देविदासनं, मला बसवलं. विधी झाले, पान मांडलं. देविदासनं स्वतःच्या हातानं वाटीभर खीर वाढली आणि माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, गुरुजी, बापूंना शेवटची सहा वर्षं आम्ही गोड खाऊ दिलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी खीर मागितली, ती पण दिली नाही. आज तुम्ही त्यांच्या जागी आहात, वाटी संपवा आणि अजून मागा.

ताई, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वकिलांच्या पंगतीत नको म्हणायला मला लाज वाटली होती, इथं नको म्हणायला माझा जीव होईना. मी वाटी उचलली आणि तशीच धरून बसलो. मग सांगून टाकलं. म्हटलं, देविदास, मला बापूंचाच आजार लागायच्या बेतात आहे. माझ्या वडिलांचं पाऊल यानंच नेलं. ही वाटी मी तुझ्या बापाच्या नावानं संपवीन, पण मग माझ्या नावानं कुणाला तरी बसवायची वेळ लवकर येईल.

त्यानं जोडलेले हात खाली घेतले. विधी मोडला असं मला वाटलं, उठावं की बसावं कळेना. तेवढ्यात आतून नीलाबाई आल्या, बापूंच्या पत्नी. इतका वेळ दाराआड ऐकत होत्या. त्यांनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली. मला वाटलं, रागावल्या. तर भिंतीला टेकून खालीच बसल्या आणि बोलायला लागल्या. सहा वर्षं म्हणे त्या डबे लपवत राहिल्या आणि बापू शोधत राहिले. त्या नको म्हणायच्या, आणि ते बाहेर जाऊन खायचे. जाताना सुद्धा त्यांच्याशी अबोला होता, त्या एका वाटीवरून. म्हणाल्या, त्यांनी एकदा, एकदाच स्वतःच्या तोंडानं नको म्हटलं असतं, तर मी त्यांच्या जन्माची वैरीण होऊन राहिले नसते.

मग मला विचारलं, गुरुजी, तुम्हीच म्हणा ना ते. बापूंच्या जागी बसलाय तर म्हणा.

मी बापूंच्या पानावर बसून, देविदासकडे बघून म्हटलं, नको, खीर नको, पोट भरलं. नीलाबाईंनी तोंडाला पदर लावला. देविदास आत जाऊन कारल्याची भाजी आणि वरण घेऊन आला. मी एक पोळी खाल्ली. विधीप्रमाणे तृप्त झालात का विचारतात, ते त्यानं विचारलं. मी झालो म्हणालो, आणि ते खरंच होतं.

शास्त्रात हे बसतं का मला माहीत नाही. मी कुणाला विचारणारही नाही.

घरी आलो आणि रेवतीकडे डब्याची किल्ली मागितली. ती दचकली. मी कुलूप काढून माळ्यावर टाकलं. तिला म्हटलं, डबा उघडा राहू दे, तू आता मोजू नकोस, मला सांगूही नकोस. मी चुकेन, मधूनमधून खाईनही. पण नको म्हणायचं काम माझं.

फार काही बदललंय असं समजू नकोस. पुढचं रक्त तीन महिन्यांनी आहे, मला त्याची भीती वाटते. आजपासून नऊ दिवस उपास, आणि देवळात आत्ताच दोन पातेली साबुदाणा भिजलाय. सकाळपासून ताकावर आहे, डोकं ठणकतंय, आणि ताक या वस्तूचा मला मनापासून राग आलाय.

तुझी माया आजवर उसनी घेतली नाही, हक्कानं घेतली. तशीच घेत राहीन.

तुझा,
मार्तंड


॥ श्री ॥
सेनगाव, ९ ऑक्टोबर २०२४

ती. वन्संस,
रेवतीचा शि. सा. न.

त्यांचं पत्र मिळालं असेलच. मी दोनच ओळी लिहिते, अष्टमीच्या तयारीची गडबड आहे.

काल आरतीनंतर कुणीतरी पेढ्यांचं ताट पुढे केलं. मी खांबाआड उभी होते. ह्यांनी एक पेढा उचलून कपाळाला लावला, शेजारच्या लेकराच्या हातावर ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, मला नको. सगळ्यांनी ऐकलं. हसलंही कुणीतरी.

घरी आल्यावर मात्र काय चिडले म्हणून सांगू. शेंगदाणे खवट आहेत, भाजीत मीठ नाही, पंखा आवाज करतो, पोस्टमन उशिरा येतो. रात्री झोपेपर्यंत त्यांचं चालूच होतं. मी भाजी निवडत सगळं ऐकत बसले होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या चिडण्यात माझं नाव कुठंच नव्हतं.

सवडीनं लिहा. तुमच्या पत्राची आम्ही दोघंही आता एकाच दारात वाट पाहतो.

तुमची,
रेवती