इशिताचा उपवास

शॉमबर्ग,
शनिवार, ५ ऑगस्ट २००६

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

ती. सुलेखावन्संना,
वसुधाचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं. मॉरिसव्हिलला उकाडा फार आहे असं यांच्याकडून कळलं. जपा. पाडव्यापासून मी फोन केला नाही, तुम्हीही नाही. तुमचं बरोबरच होतं.

इशिता परवा टेनिसची मॅच पुन्हा हरली. पहिला सेट सहा-एक, दुसऱ्यात चार-एकने पुढे, आणि तिथून एकही गेम नाही. समोरची मुलगी दोन वर्षांनी लहान. इथल्या महाराष्ट्र मंडळाची बारा माणसं दीडशे मैल ड्राइव्ह करून आली होती. त्यांतल्या मनोहररावांनी मॅच संपायच्या आधीच बॅनर गुंडाळला. गाडीपाशी यांना म्हणाले, "हात देवाने दिलाय हो, पण मन कुठे विसरून येते ही पोरगी? एक दिवस वाघीण, दुसऱ्या दिवशी शेळी. सुट्टी टाकून आम्ही हेच बघायचं?" मंडळातल्याच विनीताच्या मते आम्ही तिला लाडावून ठेवलंय. इशिता मागच्या सीटवर बसून ऐकत होती.

 मला कारण माहीत होतं.

गेल्या वर्षीची फायनल मंगळवारी होती. माझा उपवास. हट्टाने तिनेही धरला आणि पहिल्या नंबरच्या मुलीला हरवलं. अमेरिकेत वाढलेली पोर गणपतीसाठी नुसत्या पाण्यावर खेळली, असं मी मंडळात घरोघर सांगितलं. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. मग ती प्रत्येक मॅचच्या आदल्या दिवशी खाईना. पुढे मॅच नसली तरी खाईना. पहिला सेट जिद्दीवर निघतो, वन्सं. नंतर पाय राहत नाहीत.

काल तिची रॅकेटची बॅग साफ करायला घेतली. तळाशी नॅपकिनांत गुंडाळलेल्या पोळ्या, साबुदाण्याच्या खिचडीचे गोळे, सगळ्यावर बुरशी. खरं सांगते, आधी मला वाया गेलेल्या अन्नाचाच राग आला. पोरीचा विचार त्यानंतर आला. हे मी देवासमोरही अजून बोललेले नाही.

विचारलं तर शांतपणे म्हणाली, "आई, हरले म्हणजे मी नीट केलं नाही. नेक्स्ट टाइम अजून कमी खाईन." मी तिचा दंड धरला. माझ्या मुठीत मावला.

पाडव्याला तुम्ही तिच्या ताटाकडे बोट दाखवलंत, तेव्हा मी चारचौघांत म्हणाले, तुम्हाला मूल नाही, तुम्हाला काय कळणार. ते शब्द परत घेता येत नाहीत. फोनवर तुमचा आवाज ऐकला तर मला हे सांगता येणार नाही, म्हणून पत्र.

पंधरा तारखेला मोठी स्पर्धा आहे. खेळाडू निवडायला कॉलेजांचे कोच येणार, म्हणून हे म्हणतात डॉक्टरांचं नंतर बघू. आज हे बाहेर गेल्यावर मी स्पर्धेच्या ऑफिसला फोन करून तिचं नाव काढून घेतलं. माझं इंग्रजी मॅट्रिकचं. त्या बाईने दोनदा विचारलं, शुअर का म्हणून. डॉक्टरांची वेळ शुक्रवारची मिळाली. घरात अजून कुणालाच ठाऊक नाही.

यांचा राग मी सोसेन. मंडळ काय बोलायचं ते बोलेल. भीती तिची वाटते. नाव काढलं हीसुद्धा ती स्वतःचीच शिक्षा समजेल.

येत्या मंगळवारी मी तिच्यासमोर बसून पोटभर जेवणार आहे. लग्नाआधीपासूनचा उपवास मोडते आहे. गणपतीला सांगून झालं. त्या दिवशीही ती जेवली नाही, तर पुढे काय करायचं ते मला कळत नाही.

शुक्रवारच्या आत याल का? ती तुमचं ऐकते. माझं ऐकूनच ती इथवर आली.

तुमची अपराधी,
वसुधा