खात्यातलं नाव

बाळ दयानंद,
चामराजपेटहून तुझ्या आईचा आशीर्वाद.

भांडून घर सोडलंस, त्यानंतर तुझा आवाजसुद्धा कानावर पडला नाही. पत्ता ठाऊक नाही, म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहणार.

यावेळी माझी विधवा पेन्शन आली नाही. विचारायला ऑफिसात गेले, तर तिथल्या बाईंनी माझं बँकेचं खातं तपासलं. म्हणाल्या, "अम्मा, तुमच्या खात्यात दर महिन्याला कोणीतरी पैसे भरतंय. दयानंद कोण?"

मी आपली पेन्शनपुरते पैसे काढायची. खात्यात आणखी काही येतंय हे मला कुठं माहीत!

"स्वल्प थांबा अक्का," मी म्हटलं, "ते नाव परत एकदा वाचा."

त्यांनी वाचलं आणि मी तिथंच रडले.

बाई मायाळू होत्या. हळूच म्हणाल्या, "मुलगा सांभाळत असेल तर पेन्शन बंद होते. त्याच्याशी संबंध उरला नाही, असं लिहून द्या. मी साहेबांना विनंती करते."

पेनही त्यांनीच पुढं केलं. खरं म्हणजे ते काही खोटं नव्हतं. पण माझा हात चालेना.

"नको. माझा मुलगा मला सांभाळतो, असंच लिहा."

पेन्शन बंद झाली. आता तुझ्याच पैशांवर घर चालतं. पण पैशांवरून तू आहेस एवढंच कळतं रे. जेवतोस का, कोणी सोबत आहे का, ते कळत नाही. एकदा फोन कर. भांडलास तरी चालेल.

वाट बघणारी,
तुझी आई गंगव्वा