चमच्याचमच्यानं पाजलेलं पाणी

डॉक्टर, तुम्ही होतात तोवर तुमच्यापुढे माझं तोंड फक्त भांडायला उघडायचं. म्हणून हे आत्ता, तुम्हांला जाऊन इतकी वर्षं लोटल्यावर. पुण्याचं कॉलेज मी अर्ध्यात सोडलं ते प्रोफेसरांशी वाजलं म्हणून, असं खालापूरभर सांगत फिरलो. तुम्ही एकट्यानं विचारलंत, "पोरगी कुठली?" वरच्या आळीतलीच होती. तिचा बाप मला रिकामटेकडा म्हणायचा. तुम्ही हसलात, आणि दवाखान्यात बाटल्या धुवायला ठेवून घेतलंत.

त्याच बापाच्या अंगावर भात उकडायचा हंडा कलंडला. छाती, पोट, दोन्ही हात सोलवटून निघाले. आपण पोचलो तेव्हा तो ओटीवर केळीच्या पानांवर पडलेला, ओठ कोरडे, आणि त्याच्या म्हातारीनं तांब्या पदराखाली लपवलेला. "पानी नाय द्यायचं, डाक्तर. फोड भरतात." तुम्ही शांतपणे म्हणालात, "भरलेत ते याच्याच रक्तातल्या पाण्यानं, आजी. तेवढं परत घातलं नाही तर लेक हाती लागायचा नाही." एक पंजा म्हणजे अंगाचा शंभरावा भाग, असं अंगावरून पंजा धरत किती भाजलंय ते तुम्ही पाहिलंत, सुईनं मांडीच्या कातडीखाली मिठाचं पाणी सोडलंत, आणि मला बसवलंत. "पेजेचं पाणी, मीठ घालून, चमच्याचमच्यानं. किती लागेल हा माझा नुसता अंदाज. खरं काय ते त्याची लघवी सांगेल. बाटलीत धर, मोज." जिच्यावर मी कविता करायचो, तिच्या बापाची लघवी मोजायची!

तो विनवतोय, "घोटभर दे रं, पोरा. तुजं समदं मान्य करतो." ती दारात उभी. मी विरघळलो, अख्खा तांब्या त्याच्या तोंडाला लावला. सगळं भडाभडा बाहेर आलं. तुम्ही सगळ्यांदेखत कडाडलात, "मन भरून दिलंस ना? आता ओकारी मोज!" माझं डोकं सटकलं, चमचा फेकून मी उठलोच. तेव्हा तुम्ही हळूच, मलाच ऐकू येईल असं बोललात, "जा. कॉलेजातून गेलास तसाच जा. याला दुसरं कोणी पाजेल." मी चमचा धुऊन आणला आणि बसलो.

एक चमचा, मग थांबायचं, मग दुसरा. बाटली कोरडीच. तो बडबडायला लागला, मला वाटलं हा चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे न उघडताच गुरगुरला, "ए रिकामटेकड्या, बाटली आन." कोऱ्या चहासारखी, थोडीशीच. मी ती घेऊन आळीतून ओरडत सुटलो, "डॉक्टर, झाली! झाली!" तुम्ही बाटली उन्हात धरलीत. "अजून गडद आहे. पाणी वाढव." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलात. तो हात आजही तिथंच आहे. पुढं आयुष्यात टिकून जे काही केलं, ते त्या हाताखाली केलं.

बाप वाचला. वर्षभरात त्यानं तिला कर्जतला दिली. मी त्याला शब्दाची आठवण करून दिली तर म्हणतो, "तानेत बोललेलं धरतोस व्हय रं?" मला चिडायचं होतं, पण हसूच आलं. तुमच्या दवाखान्याला आता कुलूप आहे, हे पत्र टाकणार तरी कुठं? पण एक तुम्हांला कधी बोललो नाही. बाटली घेऊन धावत सुटलो तेव्हा ती म्हणे अंगणातच उभी होती. मला ती दिसलीच नाही.